रामसेंच्या भुतांचे कागद जमवताना

रामसे बंधूंच्या भयपटांत बडे नट नसायचे, पैसाही बेताचाच. प्रेक्षकाला तिकिटाच्या खिडकीपर्यंत आणायचं काम पोस्टरनेच करायचं. म्हणून हे कागद मला सिनेमाइतकेच मोलाचे वाटतात. ते जमवताना उमगलेल्या काही गोष्टी.

१. आधी बोट फिरवा, मग डोळे. जुनं पोस्टर घडी घालूनच गावोगाव जायचं. घडीच्या रेघेवर शाई उडालेली असते, कागदाचे तंतू वर आलेले असतात आणि ते बोटाला लागतात. ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. मूळ पोस्टर स्कॅन करून छापलं की घडीही चित्रात उतरते, पण कागद मात्र सपाट! बोट गुळगुळीत सरकलं तर पोस्टर खाली ठेवावं. मग तळाशी छापखान्याचं बारीक नाव भिंगातून पाहावं. मूळ छपाईत ते बहुधा सलग उमटतं, नकलेत अक्षरांच्या कडा ठिपक्यांत फुटतात.

२. गाण्यांच्या पुस्तिका सोडू नका. पोस्टरच्या मानाने त्या स्वस्त मिळतात आणि त्यांतली श्रेयनामावली निवांत वाचता येते. लेखनाला कुमार, दिग्दर्शनाला तुलसी आणि श्याम, कॅमेऱ्याला गंगू, ध्वनीला किरण, संकलनाला अर्जुन. अख्खं युनिट घरातलं! इतक्या कमी पैशांत सिनेमा कसा व्हायचा, ते या यादीतून चटकन कळतं.

३. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर जरूर फिरा, नजर तिथेच तयार होते. पण रामसेंचा हक्काचा प्रेक्षक छोट्या गावांत होता. प्रसिद्धीचं साहित्य वितरकांकडून तिथल्या थिएटरांत जायचं आणि बरंचसं तिथेच पडून राहायचं. बंद पडलेल्या एकपडदा थिएटरच्या मालकाशी आधी ओळख करावी, चहा घ्यावा. अडगळीच्या खोलीची गोष्ट नंतर काढावी.

४. चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते आणि काढताना कागद घेऊनच निघते. लॅमिनेशन तर नकोच नको, ते परत फिरवता येत नाही. फाटलेला भाग जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने मागून सांधावा. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत कसर लागते, तेव्हा दर थोड्या दिवसांनी पेटी उघडून पाहावी.

५. कोरं करकरीतच हवं, हा हट्ट सोडा. हे कागद भिंतीवर चिकटवून पावसात भिजण्यासाठीच छापलेले होते. वाचले तेवढेच दुर्मीळ. मी सध्या ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ (१९७०) शोधतो आहे. त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात. सिनेमा चालला नाही, पण त्या प्रसंगाला प्रेक्षक दाद देतात हे भावांनी हेरलं आणि ते भयपटांकडे वळले. त्या मुखवट्याचं शो-कार्ड, म्हणजे थिएटरच्या दर्शनी भागात लावायचं चित्र, कोपरे कुरतडलेलं मिळालं, तरी मी घेईन.