शिडीवरच्या माणसाचा परवाना बघा

दुसऱ्या स्लॅबच्या दिवशी व्हायब्रेटर धरलेला गडी एकदम ताठ झाला. हात सुटेना. सेंट्रिंगच्या मुकादमाने धावत जाऊन मेन ऑफ केला म्हणून तो वाचला. तळहात भाजला, दोन रात्री दवाखान्यात काढल्या. आणि ठेकेदार सगळ्यांदेखत मला म्हणतो, “काका, ओल्यात शॉक बसणारच की!”

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. वायरमनकडे परवाना आहे ना, असं मी त्याला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा एकच उत्तर, “पोरगा दहा वर्षं हेच करतोय.” वीजजोडणीच्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा सही-शिक्का होता, तो बघून मी गप्प बसलो. सही करणाऱ्याने आमच्या साइटवर एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं, हे मागाहून कळलं.

संध्याकाळी ओळखीच्या एका निवृत्त विद्युत पर्यवेक्षकांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला आणि मलाच वाकून बघायला लावलं. करंट गळला की पुरवठा तोडणारा ईएलसीबी जागेवर होता, पण येणारी-जाणारी वायर त्यातून काढून एकमेकींना पिळली होती, वरून टेप. पोराला विचारलं. तो सरळ म्हणाला, “सारखा ट्रिप व्हायचा, काम थांबायचं. मग डायरेक्ट केला.” ट्रिप व्हायचा, कारण व्हायब्रेटरच्या बॉडीत करंट उतरत होता. ईएलसीबी आठ दिवस तेच सांगत होता आणि आम्ही त्याचंच तोंड बंद केलं. अर्थिंगची हिरवी वायर बोर्डापर्यंत येऊन तशीच लोंबत होती. मला त्या पोराचा राग नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. राग आहे तो त्याला पाठवणाऱ्याचा.

घर बांधायला काढलं असेल तर ‘अनुभव’ या शब्दावर विसंबू नका. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा नियमांनुसार असं काम परवानाधारक ठेकेदारानेच घ्यायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, आणि हात लावायचा तोही परवाना असलेल्या तारतंत्र्यानेच. तिघांचे कागद मागा. फोटो, मुदत बघा आणि शिडीवर चढलेला माणूस तोच आहे का, हे ताडून घ्या. आयटीआयचं प्रमाणपत्र असेल तर उत्तमच, पण तो परवाना नव्हे.

ईएलसीबी 30 मिलिअँपिअरचा हवा. रोज काम सुरू होण्याआधी त्याचं टेस्ट बटण दाबा आणि पुढचा दिवा विझतो का, ते बघा. आम्ही हे एकदा जरी केलं असतं तरी सगळं उघडं पडलं असतं. एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. 16 अँपिअरचा एमसीबी वायर वाचवतो. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा करंट पुरतो. केबल पाण्यात लोळू देऊ नका, उघडे जोड ठेवू नका, हे तर आहेच. आणि एखादं यंत्र सारखं ट्रिप करत असेल तर ते आधी बाजूला काढा, स्लॅब थांबला तरी चालेल.

ठेकेदाराने शेवटच्या बिलात त्या कामाची ‘वायरमन मजुरी’ लावली आहे. गड्याच्या दवाखान्याचा खर्च तो देईपर्यंत ती मी देणार नाही.