मुकुटाचा हिशेब: होसकोट्याहून विश्वसुंदरीच्या मंचापर्यंत किती खर्च येतो?

‘अभिनंदन! आंतरराष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेसाठी तुमची निवड झाली आहे. जागा निश्चित करण्यासाठी आजच शुल्क भरा.’ असा मेसेज आला आणि मुलगी हरखून गेली, तर आई-बाबांनी रागावण्याआधी तिला एवढंच विचारावं: निवड झाली, पण चाचणी कधी झाली?

होसकोट्यात हा प्रश्न काही दूरचा नाही. इथून तीसेक किलोमीटरवर, बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियममध्ये 23 नोव्हेंबर 1996 रोजी मिस वर्ल्डची अंतिम फेरी झाली होती. महिला संघटना आणि शेतकरी संघटना विरोधात रस्त्यावर उतरल्या, स्विमसूटची फेरी सेशेल्सला हलवावी लागली, मुकुट ग्रीसच्या इरीन स्क्लिव्हाला मिळाला आणि आयोजन करणारी अमिताभ बच्चन यांची एबीसीएल कंपनी पुढे कर्जात रुतली. एवढ्या मोठ्या आयोजकाचा हिशेब जिथं चुकला, तिथं दोन पगारांवर चालणाऱ्या घरानं वही-पेन घेऊन बसलेलं बरं.

आधी स्पर्धा ओळखा

‘इंटरनॅशनल’ हा शब्द कुणीही फ्लेक्सवर छापू शकतो. खरी वाट राष्ट्रीय स्पर्धेतून जाते. मिस वर्ल्डला भारताकडून फेमिना मिस इंडियाची विजेती जाते. ही राष्ट्रीय स्पर्धा 1964 पासून चालू आहे. मिस युनिव्हर्ससाठी 2024 पासून ग्लॅमआनंद या संस्थेची ‘मिस युनिव्हर्स इंडिया’ आहे. ज्या स्पर्धेचं नाव तुम्हाला सांगितलं जातंय, तिच्या मूळ आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर भारताचा परवाना कुणाकडे आहे ते पाहा. दहा मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे.

मराठी घरांसाठी एक उपयोगी गोष्ट: राज्य कुठलं लावायचं, हा पर्याय काही वेळा उघडा असतो. 2022 ची फेमिना मिस इंडिया सिनी शेट्टी मुंबईत जन्मलेली, पण ती स्पर्धेत उतरली कर्नाटकाकडून. तेव्हा व्हाइटफिल्डच्या नोकरीपायी होसकोट्यात घर केलेल्या कोल्हापूरच्या वा नाशिकच्या मुलीनं त्या वर्षीच्या अर्जातली वास्तव्याची अट नीट वाचावी. वय आणि उंचीची अटही तिथेच पाहावी. ती स्पर्धेनुसार बदलते. मिस युनिव्हर्सनं 2023 पासून विवाहितांना व मातांना प्रवेश दिला आणि 2024 पासून वयाची वरची मर्यादाही काढली. विवाहितांची मिसेस वर्ल्ड तर वेगळीच. 2001 मध्ये ती जिंकणारी पहिली भारतीय म्हणजे आपली पनवेलची डॉ. अदिती गोवित्रीकर.

गुण कशाला मिळतात?

खर्च कशावर करायचा हे गुणपत्रिका ठरवते, म्हणून ती आधी समजून घ्या.

मिस वर्ल्डमध्ये स्विमसूटची फेरी 2015 पासून नाही. स्पर्धक महिनाभर वेगवेगळ्या चाचण्या देतात: कलागुण, क्रीडा, टॉप मॉडेल, समाजमाध्यमं, समोरासमोर बोलण्याची फेरी आणि ‘ब्युटी विथ अ पर्पज’ म्हणजे स्वतःचं सामाजिक काम. चाचणी जिंकणारी थेट पुढच्या टप्प्यात जाते. 2025 मध्ये हैदराबादला शंभरावर देशांच्या मुलींमधून खंडवार दहा अशा 40 जणी उपांत्यपूर्व फेरीत गेल्या, तिथून 20, मग 8, मग 4. भारताची नंदिनी गुप्ता त्या 40 त आली ती टॉप मॉडेलच्या जोरावर. मुकुट जिंकणाऱ्या थायलंडच्या ओपल सुचाताचं काम स्तनाच्या कर्करोगाबद्दल जागृती करण्याचं होतं, आणि ते तिच्या स्वतःच्या अनुभवातून आलं होतं. सोळाव्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली होती. असं काम पैसे देऊन महिन्याभरात उभं राहत नाही.

मिस युनिव्हर्सची घडण वेगळी. प्राथमिक फेरीत बंद खोलीतली मुलाखत, स्विमसूट आणि संध्याकाळचा गाउन. राष्ट्रीय वेशभूषेची फेरी निराळी. शेवटी उरलेल्यांना मंचावर प्रश्न. घरात स्विमसूटबद्दल अवघडलेपण असेल, तर अर्ज भरण्याआधी बोलून घ्या. गाउन शिवून झाल्यावर तो वाद काढणं महागात पडतं.

शेवटच्या प्रश्नाचं वजन किती, हे दोन मुलींनी दाखवून दिलंय. नागपूरची मधु सप्रे 1992 मध्ये बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या अंतिम तिघींत होती. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, या प्रश्नावर तिनं क्रीडासंकुल बांधण्याचं उत्तर दिलं आणि ती तिसरी आली. त्या उत्तराची चर्चा अजून होते. दुसरी बंगळुरूत वाढलेली लारा दत्ता. 2000 साली निकोसियात तिला विचारलं गेलं की बाहेर स्पर्धेविरुद्ध निदर्शनं चालली आहेत, त्यांना कसं पटवशील? ज्या शहरानं चार वर्षांपूर्वी तेच निदर्शन पाहिलं होतं, तिथल्या मुलीला हा प्रश्न परका नव्हता. मुकुट तिनं आणला. अशा उत्तराची तयारी रोजचं वर्तमानपत्र करून देतं, आणि त्याचा महिन्याचा खर्च एका फेशियलपेक्षा कमी असतो.

कुठं खर्च, कुठं हात आखडता

*फोटो.* पहिल्या अर्जाला खिडकीच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर, मोबाइलनं काढलेले फोटो चालतात. चेहरा, पूर्ण उंची, बाजूनं; मेकअप नाममात्र. पोर्टफोलिओ करायचाच तर दुसऱ्या टप्प्यावर. ठरवताना किती फोटो ‘संस्कारित’ करून मिळणार आणि मूळ फाइली मिळणार का, हे लिहून घ्या.

*गाउन.* पहिल्या वर्षी विकत घेण्यापेक्षा भाड्यानं घ्या किंवा तयार घेऊन मापात करून घ्या. शिंप्याकडे जाताना ज्या टाचांच्या चपला मंचावर घालणार, त्याच घालून उभी राहा आणि मगच खालची किनार मोजू द्या. अनवाणी माप दिलं की गाउन मंचावर घोट्यावर उचललेला दिसतो. उंच टाचांवर माप दिलं आणि मंचावर बुटक्या घातल्या, की पहिल्याच वळणावर पाय किनारीत अडकतो.

*टाचा.* दोन जोड पुरेत. त्यातला एक रोज घरात घाला. फरशीवर दोरी आखून चाला, मग गच्चीवर, मग जिन्यावरून खाली. मंचाच्या पायऱ्या उतरताना नजर खाली जाते का, ते आईनं समोर उभं राहून पाहावं.

*प्रशिक्षण.* इथं सर्वाधिक पैसे वाहतात. सहा महिन्यांचं पॅकेज एकरकमी घेऊ नका, सत्रागणिक द्या. पहिल्या सत्रात प्रशिक्षकानं तुमचं चालणं चित्रित करून तुमच्यासमोर चुका दाखवल्या नाहीत, तर दुसरं सत्र घेऊ नका. इंग्रजीची धास्ती घेऊन महागडे वर्ग लावू नका. मिस युनिव्हर्सच्या मंचावर दुभाषा मिळतो, आपल्या भाषेत उत्तर देता येतं. विचार मराठीत पक्का झाला की भाषांतर सोपं असतं.

*शरीर.* जिम, झोप, वरण-भात-भाजी. गोरेपणाच्या इंजेक्शनांवर आणि ‘दहा दिवसांत आठ किलो’वर एक रुपयाही नको, त्वचेचं काही असेल तर त्वचारोगतज्ज्ञ. होसकोट्याची पहाटेची दम बिर्याणी महिन्यातून एकदा खायला हरकत नाही. पहाटे चारला रांगेत उभं राहण्यासाठी मोडलेली झोप मात्र चेहऱ्यावर दिसते.

*कर.* सप्टेंबर 2025 पासून सलून आणि जिमवर जीएसटी 5 टक्के आहे. तुमच्या बिलावर जुना 18 टक्के लागला असेल तर विचारा. प्रशिक्षणावर मात्र 18 टक्के धरून चाला. जीएसटी क्रमांकाशिवाय ‘टॅक्स’ मागणाऱ्याला तो देऊ नका.

एक लाखाची वही

खालचे आकडे बाजाराचा सरासरी दर नव्हेत. पहिल्या वर्षी होसकोट्यातल्या मध्यमवर्गीय घरानं यापुढे जाऊ नये, अशी ही आमची मर्यादा आहे.

- पासपोर्ट (साधा, 36 पानी): 1,500 रु.
- पोर्टफोलिओ: 15,000 रु.
- जिम, 6 महिने × 2,000: 12,000 रु.
- दात आणि त्वचेचे डॉक्टर: 6,000 रु.
- टाचांच्या चपला, दोन जोड: 5,000 रु.
- गाउन (भाड्यानं वा तयार): 10,000 रु.
- गाउनची मापदुरुस्ती: 1,500 रु.
- आईची पैठणी: 0 रु.; नव्या ब्लाउजची शिलाई: 1,500 रु.
- प्रशिक्षण, 8 सत्रं × 1,500, अधिक जीएसटी: 14,160 रु.
- बंगळुरूची ये-जा, 24 शनिवार: 4,320 रु.
- ऑडिशनसाठी परगावी एक खेप, दोघींची: 12,000 रु.

बेरीज 82,980 रुपये. उरलेले 17,020 राखीव. ते कुणालाही आगाऊ द्यायचे नाहीत. तात्काळ पासपोर्ट लागला तर 1,500 चे 3,500 होतात. म्हणून पासपोर्ट आत्ताच काढा.

ये-जा स्वस्त करण्याचा मार्ग सोपा आहे. कर्नाटकातल्या स्त्रियांना शक्ती योजनेत जून 2023 पासून साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. होसकोट्याहून कडुगोडीपर्यंत बसनं या, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात देईल. तिथून जांभळ्या मार्गाची मेट्रो. तिचं भाडं फेब्रुवारी 2025 पासून 10 ते 90 रुपये. वहीत आम्ही जाताना 90 आणि येताना 90 धरलेत, प्रत्यक्षात कमीच लागतील. मेख एवढीच की ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता हवा. आधारवर अजून पुण्याचा पत्ता असेल, तर शून्य तिकीट मिळणार नाही.

निवड झाली, तर?

अधिकृत राष्ट्रीय विजेतीची परदेशवारी साधारणपणे राष्ट्रीय संस्था सांभाळते आणि स्पर्धेच्या काळातला मुक्काम यजमानांकडे असतो. निवड झाल्यावरही विमान, हॉटेल, सॅश आणि ‘देशाची फ्रँचायझी’ असं सगळं तुमच्याच खिशातून मागितलं जात असेल, तर ती सहल समजा. सहलीला जायचं की नाही, हा वेगळा निर्णय.

विजेतीला करार करावा लागतो. मुलगी अठराची झाल्याशिवाय तिची सही कायद्यानं बांधत नाही. सही करण्याआधी चार कलमं वकिलाला दाखवा: मुदत किती, बाहेरचं काम घेता येतं का, मिळकतीतला संस्थेचा वाटा किती, आणि करार मोडल्यास दंड किती. मिस ग्रँड इंटरनॅशनल जिंकणारी पहिली भारतीय, जालंधरची रेचल गुप्ता, 2025 च्या मेमध्ये मुकुटापासून वेगळी झाली. दिलेली वचनं पाळली गेली नाहीत असं ती म्हणाली, तर जबाबदाऱ्या पाळल्या नाहीत असं संस्था म्हणाली. खरं-खोटं बाजूला ठेवलं, तरी असे वाद करारातल्या कलमांवरच सुटतात, हे लक्षात ठेवा.

पैसे अडकले, तर?

खऱ्या स्पर्धेत बहुतेक मुली बाद होतात. जिथं शुल्क भरलेली प्रत्येक मुलगी काही ना काही ‘टायटल’ घेऊन घरी जाते, तिथं तुम्ही गिऱ्हाईक आहात, आणि गिऱ्हाइकाला हक्क असतात. जाहिरात, चॅट, पावती आणि यूपीआय व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915, तिथं मराठीतही बोलता येतं. ऑनलाइन फसवणूक असेल तर पहिल्याच तासात 1930. दाद हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि आयोजक दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्याही दाखल होते.

गाव लहान म्हणून मागे राहू नका. 2014 ला मिस सुप्रानॅशनल जिंकणारी आशा भट भद्रावतीसारख्या कारखान्याच्या गावची, तेव्हा बंगळुरूत इंजिनिअरिंग शिकत होती. दोन वर्षांनी तोच मुकुट मंगळूरच्या श्रीनिधी शेट्टीनं आणला, तीही इंजिनिअर. मुकुट नसता मिळाला, तरी या दोघींकडे परतायला शिक्षण होतं. म्हणून वहीत शेवटची ओळ अशी लिहा: कॉलेजच्या फीचे पैसे या खर्चात धरायचे नाहीत.