ब्रेकची पोलादी नळी : सामर्थ्य आणि मर्यादा

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव परिसरात सोयाबीन आणि हळद ही शेतकऱ्यांच्या हाती रोख पैसा देणारी पिके होत. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आणि ऐन उन्हाळ्यात शिजवून, वाळवून तयार झालेल्या हळदीची पोती हिंगोली वा वसमतच्या बाजारपेठेकडे निघतात. या वाहतुकीत पिकअप गाडीला मोठे स्थान लाभले आहे. गाडी किती ओझे ओढते, याची चौकशी प्रत्येक गिऱ्हाईक करते. तेच ओझे उतारावर, समोर अचानक गुरे आली असता, किती अंतरात थांबते याची चौकशी मात्र क्वचितच होते.

ब्रेक अधिक भरवशाचे व्हावेत म्हणून मूळ रबरी नळ्या काढून त्या जागी गंजरोधक पोलादाच्या तारांनी विणलेल्या नळ्या बसविण्याकडे काही वाहनधारकांचा कल असतो. ही सुधारणा नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हे समजून घेणे हितावह ठरेल.

दाबाचा प्रवास

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सिद्धांत सतराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने मांडला. १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना याच तत्त्वावरील ब्रेक बसविण्यात आले. आजच्या पिकअपचे ब्रेकही त्याच तत्त्वावर चालतात.

उदाहरणादाखल असे समजू की, चालकाने पायाने ४० किलोचा जोर दिला आणि पेडलच्या तरफेमुळे तो पाचपट, म्हणजे २०० किलो झाला. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर असेल, तर ब्रेक ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोचा दाब निर्माण होईल. चाकाजवळील दट्ट्या २० चौरस सेंटिमीटरचा असल्यास तो लायनरवर १,००० किलोचा जोर देईल. बूस्टरची मदत यात धरलेली नाही.

हा दाब चासीवरून जाणाऱ्या लोखंडी पाइपातून पुढे सरकतो. चाके मात्र वळतात आणि खालीवर होतात. त्यामुळे पुढील दोन चाकांजवळ आणि मागील अ‍ॅक्सलपाशी लवचिक नळ्या जोडाव्या लागतात. प्रश्न आहे तो या थोड्याशा लांबीचाच.

रबरी नळी आणि पोलादी वीण

रबरी नळीच्या पोटात धाग्यांची वीण असते. तरीही दाब येताच ती किंचित फुगते. हे फुगणे भरून काढण्यासाठी पेडल थोडे अधिक खाली जाते. वर्षे लोटली की ऊन, धूळ आणि ग्रीस यांमुळे रबराला चिरा पडतात. काही वेळा नळीचा आतील थर सुटतो, ऑइल पुढे जाते पण परत येत नाही आणि चाक धरून राहते.

विणलेल्या नळीच्या आत सामान्यतः टेफ्लॉनचा गाभा असतो. हा पदार्थ १९३८ मध्ये अमेरिकेत शोधला गेला. गाभ्याभोवती पोलादी तारांची घट्ट वीण आणि चांगल्या प्रतीच्या नळीत तिच्यावर प्लास्टिकचे वेष्टन असते. अशी नळी फारच थोडी फुगते. परिणामी पेडल घट्ट लागते आणि चालकाला ब्रेकचा अंदाज अधिक अचूक येतो.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. नळी बदलल्याने पेडलचा प्रवास कमी होतो, जोर वाढत नाही. तेवढ्याच पायाच्या जोराने चाकापर्यंत पोहोचणारा दाब तोच राहतो.

जे नळीने साधत नाही

गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीने. वेग दुप्पट झाला की जिरवावी लागणारी गतिज ऊर्जा चौपट होते. गुळगुळीत टायर, झिजलेले लायनर किंवा मर्यादेपलीकडचे ओझे यांवर पोलादी नळी हा उपाय नव्हे.

दुसरी बाब ब्रेक ऑइलची. ते हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. लांब उतारावर ब्रेक तापून ऑइल उकळले, तर वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. अशा वेळी उत्तम नळीही निरुपयोगी होय.

अनेक पिकअपमध्ये मागील ओझ्यानुसार ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. अधिक माल भरता यावा म्हणून पाटे वाढविले की गाडी खाली बसत नाही. व्हॉल्व्हला ती रिकामीच भासते आणि भरल्या गाडीचे मागील ब्रेक कमजोर पडतात.

निवड आणि बसवणी

नळी त्याच गाडीच्या नमुन्यासाठी बनविलेली, टोके कारखान्यातच जोडून दाबचाचणी झालेली असावी. स्थानिक दुकानात टोके दाबून तयार केलेली नळी ब्रेकसाठी कदापि वापरू नये. वेष्टन नसलेल्या विणीत धूळ व वाळू शिरून गाभा आतून घासला जातो आणि हे नुकसान बाहेरून दिसत नाही.

काम अनुभवी कारागिराकडूनच करवून घ्यावे. चाकांना उटी लावावी, केवळ जॅकवर विसंबू नये. तांब्याचे वायसर नवे घालावेत. नळीला पीळ पडता कामा नये. चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडून नळी ताणली वा घासली जात नाही, याची खात्री करावी. उत्पादकाने सांगितलेल्या क्रमाने हवा काढावी आणि त्या वेळी ऑइलची बाटली रिकामी होऊ देऊ नये. इंजिन ऑइलचा थेंबही त्यात जाऊ नये. त्याने रबरी सील फुगतात. शेवटी पेडल जोराने दाबून धरावे, प्रत्येक सांधा तपासावा आणि मोकळ्या जागेत संथ वेगाने चाचणी घ्यावी.

कायदा आणि दक्षता

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनातील फेरफारांवर बंधने घातली आहेत. म्हणून मूळ भागापेक्षा वेगळा भाग बसविण्यापूर्वी हिंगोलीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे विचारणा करावी. मालवाहू वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. परंतु दोन तपासण्यांच्या मधल्या काळात ब्रेकची जबाबदारी मालक व चालक यांचीच असते.

खर्चाचा क्रम त्यामुळे आपोआप ठरतो. प्रथम टायर, लायनर आणि ताजे ब्रेक ऑइल; चिरा पडलेल्या नळ्यांच्या जागी निदान मूळ प्रतीच्या नव्या नळ्या; आणि ओझे मर्यादेत. एवढे झाल्यावर पोलादी नळी बसविली, तर तिचा गुण दिसेल. हे न करता बसविलेली नळी पेडल तेवढे घट्ट करील आणि चालकाच्या मनात खोटा भरवसा निर्माण करील. हळदीच्या पोत्यांवर अनेकदा शेतकरी आणि हमालही बसलेले असतात. मालवाहू गाडीत अशी माणसे बसविणे मुळात गैर आहे. पण रस्त्यावरच्या आणि गाडीतल्या प्रत्येक जिवासाठी ती वेळेत थांबणे, हे माल वेळेत पोहोचण्याहून अधिक मोलाचे आहे.