भिंत कोणाची, ते आधी काढा

रत्नागिरीत भिंतीवर चित्र काढायला निघालेली पोरं आधी रंगाच्या दुकानात शिरतात. जायला हवं कचेरीत. आमच्या ग्रुपने रस्त्याकडेची लांबलचक भिंत रंगवली होती. गलबत, पापलेट, हापूसची डहाळी. हद्द ज्यांची वाटत होती ते "काढा की, चांगलंच आहे" म्हणाले होते. भिंत निघाली दुसऱ्याच खात्याची. काही दिवसांत सगळ्यावर पांढरा हात फिरला आणि गलबताच्या जागी ठळक अक्षरं आली: ‘येथे जाहिराती लावू नयेत’. भांडणार कशाच्या जोरावर? हातात कागद नव्हता.

भिंत नगर परिषदेची, बांधकाम खात्याची, बंदराची की कोकण रेल्वेची, हे आधी शोधा. अर्जाला रंगीत स्केच जोडा, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. पोच म्हणजे परवानगी नव्हे, तेव्हा लेखी उत्तर येईपर्यंत डबा उघडू नका. खासगी कंपाउंड असेल तर मालकाची सही हवी. सामायिक घर असेल तर सगळ्या भाऊबंदांची. (ते चित्रापेक्षा अवघड काम.) मालमत्तेच्या विद्रूपणाला आळा घालणारा राज्याचा १९९५चा कायदा आहे. त्यात ३ महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

काही ठिकाणी तर विचारायलाही जाऊ नये. थिबा राजवाडा, रत्नदुर्गाचा तट, सड्यावरची कातळशिल्पं. उक्षीचा हत्ती जांभ्यात कोरलेला आहे. कोकणातली ही शिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. फोटोत रेषा उठून दिसाव्यात म्हणून तिथे खडू भरायचा मोह होतो. खडू खिशातच राहू दे.

आता रंगाचं. जांभा पाणी पितो. चिऱ्याच्या भिंतीमागे मातीचा भराव असला की ओल पुढे येते, लोणा फुटतो आणि महागातल्या रंगाचेही पोपडे पडतात. भिंतीवर तळहात फिरवा. पांढरी पूड लागली तर दुसरी भिंत बघा. काम दिवाळीनंतर, भिंत चांगली सुकली की धरा. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा, प्रायमर पुरता वाळू द्या, मग बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक. गेरू दिसतो देखणा, पण मिरगाच्या पहिल्या सरीला गटारात जातो.

चित्र झालं की कोपऱ्यात आपल्या सह्यांच्या आधी परवानगीचा जावक क्रमांक आणि तारीख रंगवा. चुना मारायला येणारा मुकादम सह्या वाचत नाही, क्रमांक वाचतो.