न्हाणीघरातला पंखा

गावाकडे न्हाणी बहुधा परसात असते. तिथे वारा खेळतो. अंधेरी-बोरिवलीच्या इमारतीत न्हाणीघर बंदिस्त असते. ओल राहते, भिंतीला बुरशी धरते. म्हणून हवा बाहेर टाकणारा एक्झॉस्ट फॅन बसवतात.

पंखा घेताना आपण दोन आकडे पाहू या.

पहिला हवेचा. न्हाणीघर 2 मीटर लांब, दीड मीटर रुंद, अडीच मीटर उंच आहे. त्यात साडेसात घनमीटर हवा मावते. ती तासाला 10 वेळा बदलायची, तर 75 घनमीटरचा पंखा लागेल.

दुसरा आवाजाचा. तो डेसिबलमध्ये मोजतात. कुजबुज सुमारे 30, साधे बोलणे सुमारे 60. दहा डेसिबल वाढले की आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. खोक्यावर आकडा नसेल तर दुकानात पंखा चालवून ऐकावा. हवा सारखीच ओढत असतील, तर कमी आवाजाचा घ्यावा. फार घरघर झाली की माणूस पंखा बंदच ठेवतो.

दाराखाली बोटभर फट ठेवावी. हवा आत आली तरच बाहेर जाईल.

पंखा वाफ काढतो. पण विषारी वायूसाठी त्याच्यावर भरवसा नको. गॅसचा गीझर न्हाणीघरात लावू नये. त्याचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. 2020 साली बोरिवलीत एक शाळकरी मुलगी अशीच दगावली. गीझर बाहेर मोकळ्या हवेत लावावा, एवढे आम्ही निक्षून सांगतो.