पाच तारे आणि पांदण रस्ता

शेत कळंब तालुक्यात, घर यवतमाळात आणि सोयरे उमरखेडपासून वणीपर्यंत पांगलेले. त्यामुळे माझी फोर-बाय-फोर गाडी डांबरावर चालते तशी पावसाळ्यात पांदणीतही चालते. नवी गाडी घेऊ पाहणारी गावातली पोरं विचारतात, "काका, हे फाइव्ह स्टार हाये म्हन्ते, घेऊ का?" त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

१. ताऱ्यांची परीक्षा पांदणीत होत नाही.

भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून त्यांना तारे देणारी आपली व्यवस्था, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका चेपणाऱ्या अडथळ्यावर आदळतात, तीही पूर्ण रुंदीने नाही, सुमारे ४० टक्के भागाने. दुसऱ्या चाचणीत बाजूने ताशी ५० किलोमीटर वेगाने अडथळा येऊन धडकतो. शिवाय ताशी २९ किलोमीटर वेगाने गाडी आडवी खांबावर नेतात. हे सगळे सपाट, कोरड्या फरशीवर. चिखल नाही, चढ नाही, ओढा नाही, आणि गाडी उलटल्यावर छपराचे काय होते हेही कोणी पाहत नाही.

२. तरीही तारे बघाच.

"आपल्याले रानात जायचं, तारे काय कामाचे?" असे म्हणणारे मला पुष्कळ भेटतात आणि मला त्यांची काळजी वाटते. पांदणीत गाडी ताशी वीसच्या वर जात नाही. हीच गाडी यवतमाळ-नागपूर रस्त्यावर किंवा पांढरकवड्याच्या ४४ नंबर महामार्गावर ऐंशीने धावते. वेग चौपट झाला की धडकेतली ऊर्जा सोळापट होते. जीव जायचा धोका डांबरावरच जास्त, आणि रानातल्या गाडीचे बहुतेक आयुष्य डांबरावरच जाते.

"पत्रा जाड आहे, चेसिस मजबूत आहे" या बोलण्यावर तर जाऊच नका. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आदळली, शून्य तारे मिळाले. २०२४ मध्ये बोलेरो निओला एकच तारा मिळाला. याच कंपनीच्या नव्या थारला २०२० मध्ये चार तारे मिळाले आणि २०२४ मध्ये थार रॉक्सला भारत एनकॅपचे पाच. या चारही गाड्या शिडीसारख्या चेसिसवरच उभ्या आहेत. तेव्हा फरक पडतो तो पत्र्याच्या जाडीने नाही. माणूस बसतो तो पिंजरा न दुमडता उभा राहतो का, पट्टा वेळेवर आवळला जातो का आणि एअरबॅग नीट उघडते का, यावर सगळे ठरते.

३. कोणी, कधी, कोणत्या नियमाने दिलेले तारे, हे विचारा.

स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपने मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे दिले, मुलांसाठी तीन. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या एनकॅपने त्याच गाडीला शून्य दिले. तिथे आपोआप ब्रेक लावणारी, लेन सांभाळणारी यंत्रणाही मोजतात आणि त्या खात्यात गाडीला काहीच गुण नव्हते. युरोपात २०१८ मध्ये जिम्नीला तीन तारे मिळाले, जीप रँग्लरला एक. एका देशाचा तारा दुसऱ्या देशाच्या ताऱ्याशेजारी ठेवून भांडण्यात अर्थ नाही. आणखी एक: पुढची धडक साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी झाली असे धरून चाचणी आखलेली असते. पाच ताऱ्यांची लहान गाडी आणि पाच ताऱ्यांची अवजड गाडी समोरासमोर आली, तर लहान गाडीतल्या माणसांना जास्त मार बसतो.

४. उंच गाडी उलटते, आणि आपल्याकडे त्याला तारा नाही.

काळ्या मातीची साइडपट्टी पावसात खचते. समोरून ट्रक आला की चाक खाली उतरते, चालक घाबरून स्टीअरिंग झटक्यात ओढतो आणि गाडी पलटी खाते. अमेरिकेत उलटण्याचा वेगळा तारा देतात. दोन चाकांमधल्या रुंदीचे अर्धे घेऊन त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे, हे त्यातले मुख्य माप. रुंदी कमी आणि उंची जास्त असली की गाडी लवकर कलंडते. २०२० मध्ये तिथल्या एका चाचणीत रँग्लर अडथळ्यावर आदळून चक्क कुशीवर पडली. म्हणून ईएससी, म्हणजे घसरती गाडी स्वतः ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, असल्याशिवाय उंच गाडी घेऊ नका. भारत एनकॅपमध्ये वरचे तारे मिळवायलाही ती लागते.

५. घरी आणल्यावर केलेले बदल तारे खाऊन टाकतात.

रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर आडवे येतात, म्हणून आपल्याकडे पुढे लोखंडी गार्ड बसवतात. भीती खोटी नाही. रात्री रोही अंगावर येतो तेव्हा काय होते ते मी पाहिले आहे. पण पुढचा भाग चेपून धक्का पिण्यासाठी बनवलेला असतो. गार्ड तो धक्का थेट चेसिसमध्ये नेतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचे गणितही बिघडवू शकतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध असल्याचे कळवले आहे. रोह्यावर उपाय म्हणजे रात्री वेग कमी ठेवणे. मोठे टायर आणि लिफ्ट किट लावले की गाडी आणखी उंच होते, मग चौथा मुद्दा पुन्हा वाचा.

६. पाण्याला तारे कळत नाहीत.

थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते असे कंपनी सांगते, ते साचलेल्या पाण्याबद्दल. वाहत्या पाण्यात दोनेक फुटांतच बहुतेक गाड्या उचलल्या जातात. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावरून पाणी वाहत असताना एसटीची बस वाहून गेली आणि माणसे गेली. बसचे वजन तुमच्या गाडीच्या कितीतरी पट. रपट्यावरून पाणी चालले असेल तर थांबा.

७. ट्रॉलीच्या मागे बोनेट कामाला येत नाही.

कापसाच्या हंगामात हे मला सगळ्यात जास्त छळते. अंधारात, मागे लाल दिवा नसलेली, कापसाने फुगलेली ट्रॉली रस्त्यात उभी असते. चाचणीतला अडथळा गाडीच्या नाकासमोर असतो. ट्रॉलीचा पाटा मात्र अनेकदा बोनेटच्या वर येतो. धक्का पिणारा भाग खालून निघून जातो आणि पाटा काचेवर येतो. अशा धडकेला पाच तारेही पुरत नाहीत. ट्रॉलीवाल्यांनो, मागे रिफ्लेक्टरची पट्टी लावा.

८. पट्टा न बांधणाऱ्याला तारा मिळत नाही.

चाचणीतल्या बाहुल्या पट्टा बांधून बसतात. मुलांचे गुण दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या बाहुलीला बाळाच्या खास आसनात बसवून ठरतात. मांडीवर घेतलेल्या लेकराला त्यातले काही लागू होत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले. त्यांच्या मर्सिडीज जीएलसीला युरोपात पाच तारे होते, पण मागे बसलेल्यांनी पट्टे बांधले नव्हते. आपल्याकडे लग्नसराईत मागच्या आडव्या बाकड्यांवर पाच-सहा जण कोंबतात. तिथे बसलेल्या माणसासाठी कोणत्याच चाचणीत बाहुली नसते. शोरूममध्ये ताऱ्यांची चौकशी कराल तेव्हा मागच्या प्रत्येक जागेला तीन टोकांचा पट्टा आहे का, तेही विचारा, आणि जितके पट्टे तितकीच माणसे गाडीत घ्या.