ल्यूटिनची गोळी की चाळिशीचा चष्मा?

येवल्यात मागावर बसणारी माणसे माझ्याकडे येतात ती पाठ आणि मान धरून. हल्ली मात्र तपासणी झाली की खिशातून एक डबी निघते. "डॉक्टर, जरीची तार नीट दिसत नाही. ही डोळ्यांची गोळी चालू ठेवू का?"

डबीवर ल्यूटिन लिहिलेले असते. हे वनस्पतींतले पिवळे रंगद्रव्य. गोळीसाठी ते बहुतेक झेंडूच्या पाकळ्यांतून काढतात. हो, दसऱ्याला दाराला बांधतो तोच झेंडू. आपल्या दृष्टिपटलाच्या मध्यावर, जिथून बारीक नजर चालते, तिथेही ते असते. शरीर ते बनवत नाही, जेवणातून मिळवते.

पण चाळिशीत तार दिसेनाशी होते ती डोळ्यातले भिंग ताठर झाल्यामुळे. त्यावर ल्यूटिन काडीचे उपयोगी नाही. चष्माच लागतो, आणि तो करताना डोळ्यापासून विणीपर्यंतचे अंतर मोजून सांगा. पेपर वाचायचा नंबर मागावर चालेलच असे नाही. मोतीबिंदूही या गोळीने थांबत नाही.

मग गोळी कोणासाठी? उतारवयात ज्यांच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजू लागतो, त्यांच्यासाठी. अमेरिकेत 4000 हून अधिक लोकांवर झालेल्या एआरईडीएस-2 या अभ्यासाचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. त्यात 10 मिलिग्रॅम ल्यूटिन आणि 2 मिलिग्रॅम झिअ‍ॅक्झँथिन, जोडीला क आणि ई जीवनसत्त्व, जस्त व तांबे होते. आजार मधल्या टप्प्यावर असेल तर तो बळावण्याचा धोका अशा मिश्रणाने कमी होतो. गेलेली नजर परत येत नाही. हा टप्पा नेत्रतज्ज्ञच सांगू शकतो, मेडिकलवाला नव्हे.

ल्यूटिन तसे निरुपद्रवी. फार झाले तर कातडी पिवळसर दिसते. भीती आहे ती डोळ्यांच्या काही गोळ्यांत असणाऱ्या बीटा-कॅरोटिनची. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तुम्ही ओढत असाल किंवा पूर्वी ओढत होतात, तर हे नाव असलेली डबी घेऊच नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी विचारल्याशिवाय कुठलीच नको.

बाकीच्यांना पालक, मेथी, मका, अंड्याचा बलक पुरे. भाजीला तेलाची फोडणी हवी, कारण ल्यूटिन स्निग्धाबरोबरच अंगी लागते. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्या.

आणि एक चाचणी तुमच्या मागावरच आहे. चष्मा लावून, एक डोळा झाकून ताण्याचे सरळ धागे पाहा, मग दुसऱ्या डोळ्याने. धागे मध्येच वाकडे दिसले किंवा मधोमध काळा डाग आला, तर माग तसाच सोडा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.